दागिना काय सांगतो, आणि कुणाला?



आजचा विषय दिसायला अगदी साधा आहे. कपडे सोडून आपण अंगावर जे घालतो, खांद्याला लटकवतो, मनगटाला बांधतो, त्याबद्दल बोलायचं आहे. ॲक्सेसरी हा शब्द आता सगळ्यांना कळतो, पण मराठीत या सगळ्याला मिळून एक शब्द नाही. सोन्याचं असलं तर दागिना. साडीच्या रंगाला जुळलं तर मॅचिंग. एरवी आपण शरीरावरच्या जागेवरून नाव देतो. कानातलं, गळ्यातलं, नाकातलं. म्हणजे वस्तू काय आहे यापेक्षा ती कुठे दिसते, याला भाषेनेच महत्त्व दिलंय. दिसते म्हटल्यावर बघणारा आला. आणि बघणारा आला की वाद सुरू होतो.

पुण्यातला कुठलाही सिग्नल आठवा. गाडीवर एक मुलगी थांबली आहे. स्टोल कपाळापासून हनुवटीपर्यंत असा घट्ट गुंडाळलाय की फक्त डोळे दिसावेत, आणि त्या डोळ्यांवरही गॉगल. हातात कोपरापर्यंत मोजे. ओळखायला काहीही शिल्लक नाही. पण जरा खाली बघा. बॅगेला लोकरीचा गोंडा आहे, किल्लीला छोटं घुबड आहे, पायात रंगीत बुटांच्या नाड्या आहेत, आणि स्टोलसुद्धा कुर्त्याला साजेसा निवडलेला आहे. म्हणजे तिला लपायचंय की दिसायचंय? आपण हा प्रश्न विचारतो, आणि मला वाटतं तिथेच आपली समीक्षा चुकते. तिला दोन्ही करायचंय. आपलं काय दिसावं आणि काय दिसू नये, हे तिला स्वतः ठरवायचंय. आज मला एवढंच एक म्हणणं मांडायचंय: न सांगण्याची मोकळीक असेल तरच अंगावरच्या वस्तूने काही सांगणं याला अभिव्यक्ती म्हणता येतं. ती मोकळीक नसेल तर तो दागिना म्हणजे आपल्याबद्दल दुसऱ्याने लावलेली पाटी.

या विषयावर ज्यांनी आधी विचार केला त्यांच्यात गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव घ्यावंच लागतं. १९०८ साली त्याचा समाजशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला. त्यात दागिन्यांवर एक छोटं टिपण आहे. गंमत म्हणजे ते टिपण सौंदर्यावरच्या प्रकरणात नाही, गुपितावरच्या प्रकरणात आहे. गुपित आणि दागिना त्याने शेजारी बसवले. दोन्हींमुळे माणूस इतरांपेक्षा वेगळा ठरतो, एक झाकून आणि एक झळकवून. दागिना आपण स्वतःसाठी घालतो, पण दुसऱ्याने पाहिल्याशिवाय त्याचं काम होत नाही. त्याने माणसाभोवती एक वलय तयार होतं आणि माणूस आपल्या शरीराच्या थोडा बाहेरपर्यंत पसरतो. फार सुंदर निरीक्षण आहे हे. पण ते वाचताना मी प्रत्येक वेळी एका जागी अडखळते. झिमेलच्या टिपणातला माणूस दागिना आपल्या मर्जीने घालतो. आपल्याकडचा इतिहास बघितला तर ही मर्जी गृहीत धरता येत नाही.

कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा. यातली प्रत्येक वस्तू सुंदर आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्या काय सांगतात? बाई विवाहित आहे आणि तिचा नवरा हयात आहे. ही एका व्यक्तीच्या आयुष्यातली सर्वांत खासगी माहिती. ती तिने कपाळावर, गळ्यात, हातात आणि पायात, अशी चार ठिकाणी चारचौघांत मांडून ठेवायची. चुकून एखाद्याचं लक्ष जाऊ नये असं होऊच नये, याची केवढी काळजी! आणि पुरुषाकडे बघा. त्याचं लग्न झालंय का, बायको आहे की गेली, हे त्याच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्याला विचारावं लागतं. विचारावं लागणं, म्हणजेच खासगीपण.

या खुणा किती खोल गेल्या आहेत ते भाषेत दिसतं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही. प्रभातने १९३७ साली जरठ-बाला विवाहावर चित्रपट काढला, तेव्हा मराठीत त्याचं नाव 'कुंकू' ठेवलं. हिंदीत तोच चित्रपट 'दुनिया न माने' झाला. मराठी प्रेक्षकाला फक्त त्या खुणेचं नाव सांगितलं की पुरे होतं. दुनिया काय मानते आणि काय मानत नाही, हे सगळं त्या एका टिकलीएवढ्या जागेत मावत होतं.

आता मे २०२२ मध्ये या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. हा ठराव मला फार मोलाचा वाटतो. दुःखाच्या पहिल्या तासात एखाद्या बाईच्या हातातल्या बांगड्या दगडावर फोडणं हा क्रूरपणा आहे, आणि तो थांबवण्यासाठी गावाने एकत्र बसणं ही मोठी गोष्ट आहे. पण समीक्षा म्हणून एक पाऊल पुढे जायला हवं. विधवेने मंगळसूत्र घातलं तर चालेल, हे गावाने मान्य केलं. नवरा जिवंत असलेल्या बाईने ते घातलं नाही तर चालेल का? तिला सासरी, ऑफिसात, हळदीकुंकवात कुणी काही विचारणार नाही का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जोवर 'नाही, विचारणार नाही' असं येत नाही, तोवर खूण ही खूणच राहते.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं बायकांच्या हक्कांबद्दल झालं, फॅशनचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मराठीत फार पूर्वी कुणीतरी जोडून दाखवलाय. माझ्या मते अंगावरच्या दागिन्यांची मराठीतली सर्वांत धारदार समीक्षा कुठल्या मासिकात छापून आलेली नाही. ती डिसेंबर १९२७ मध्ये महाडला झाली. मनुस्मृती जाळली ती हीच परिषद. तिथे जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि ते लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल बोलले. लुगडं नेसायची तुमची पद्धत, गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या, कोपरापर्यंतचे कथलाचे आणि चांदीचे दागिने यांवरून तुमची अस्पृश्यता लांबून ओळखू येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ती खूणच टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं.

यात केवढा विचार आहे बघा. 'स्वतःची ओळख अभिमानाने मिरवा' असं बाबासाहेब त्या बायकांना म्हणाले नाहीत. कारण त्या दागिन्यांतून जी ओळख दिसत होती ती त्यांनी निवडलेली नव्हती. कुणी सोनं घालायचं, कुणी चांदी, कुणी कथील, पदर कुठून घ्यायचा, हे गावाने ठरवलेलं. लांबून कळलं की रस्त्यावर कुणी बाजूला व्हायचं, पाणवठ्यावर कुणी थांबायचं, तेही ठरलेलं. त्या व्यवस्थेत दागिना माणसाच्या आधी पोचून त्याची जात सांगत होता. तेव्हा तो उतरवणं, अनोळखी होणं, रस्त्यावरून नुसतं एक माणूस म्हणून चालत जाता येणं, हीच समतेची मागणी होती. झिमेलचं वलय इथे उलटं झालेलं दिसतं. दागिन्याने माणूस पसरत नव्हता, आक्रसत होता.

मग दागिना म्हणजे बेडीच, असं मला म्हणायचंय का? अजिबात नाही. नथीचंच घ्या. आज लग्नकार्यात नाक न टोचलेल्या मुलीही दाबाची नथ घालतात. अविवाहित घालतात, घटस्फोटित घालतात, कुणी फोटोपुरती घालून पर्समध्ये टाकते. नथीवरून आता कुणाची वैवाहिक स्थिती कळत नाही. जाणकार मंडळी यावर नाक मुरडतात, परंपरेचा बाजार झाला म्हणतात. बाजार झालाय खरा. पण नथीने बाईबद्दलची चुगली करणं थांबवलं आणि त्यानंतरच ती हौसेची वस्तू झाली, हेही खरं. मंगळसूत्राचंही तेच चाललंय. कुणी ते मनगटात घालतं, कुणी सणापुरतं घालतं, आणि कितीतरी जणी लोकलमध्ये चढल्या की कुर्त्याच्या गळ्याआत सरकवतात. चोराची भीती असते, मान्य. पण ते आत सरकवल्यावर तिच्या आणि त्या वस्तूच्या नात्यात तिसऱ्या माणसाला जागा राहत नाही. मला तर तिथे ते पहिल्यांदा तिचं वाटतं.

खासगीपणाची खरी मराठी वस्तू सांगायची तर ती पर्स. पर्सच्या आधी बटवा आणि चंची, आणि त्याच्याही आधी लुगड्याची कनवट. ज्या बाईच्या नावावर घर नव्हतं, कपाट नव्हतं, कपाटाची किल्लीही नव्हती, तिची मालकीची जागा म्हणजे कमरेजवळची ती कापडाची घडी. त्यात चार नाणी, एखादी चिठ्ठी. पुढे चंचीला कप्पे आले, पर्सला चोरकप्पा आला. आजही बायकांच्या कित्येक कपड्यांना धड खिसा नसतो, म्हणून तिचं सगळं खासगीपण खांद्यावर लटकलेलं असतं. पर्स बाहेरून मिरवायची आणि आतून कुणाला दाखवायची नाही. मी मघाशी जे म्हटलं, दिसणं आणि न दिसणं दोन्ही आपल्या हातात, ते एका वस्तूत बघायचं असेल तर इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

आता पुन्हा त्या सिग्नलवरच्या स्टोलकडे. त्यावर आपण काय काय बोललो! ऊन आणि धूर हे निमित्त आहे, मुली तोंड लपवून भलतीकडे जातात, आई-वडिलांना फसवतात. समजा जात असतील. सज्ञान मुलीने कुणाच्या गाडीवर बसावं, हे गल्लीतल्या काकांना कळलंच पाहिजे असा नियम कुठे आहे? बँकेच्या आणि सराफाच्या दारावर 'स्कार्फ काढून आत यावे' असं लिहिलेलं असतं, ते मला समजतं. तिथे कारण आहे, आणि तेवढ्या वेळापुरतं आहे. पण रस्ता म्हणजे सराफाचं दुकान नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्या निकालात आलं. ही गोष्ट पुण्यातल्या मुलींना स्टोल बांधताना निकालाआधीच कळली होती, असं मी गमतीने म्हणते.

पण स्टोलचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. तिला तो बांधावा लागतो याचं एक कारण असंही आहे की तिच्याकडे टक लावून बघणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही. बघणाऱ्याने आवरायचं ते काम तिने उन्हाळ्यात चार फेरे गुंडाळून करायचं. एखाद्या दिवशी तिला उघड्या चेहऱ्याने तितक्याच निवांतपणे जाता आलं, तरच तो स्टोल पूर्णपणे तिच्या आवडीचा म्हणता येईल.

शेवटचा मुद्दा मनगटावरच्या घड्याळाचा. स्मार्ट घड्याळ आपण आवडीने घेतो, पट्टे बदलतो, मिरवतो. ते आपली पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, आपण कुठून कुठे गेलो ते नोंदवतं. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर परदेशांतल्या लष्करी तळांच्या आकृत्या उमटल्या आहेत. जवान तळावर धावायचे, नोंदी जमा व्हायच्या आणि त्यांच्या धावण्याच्या वाटा जगाला दिसत होत्या. जुना दागिना निदान समोरच्यालाच सांगायचा, आणि तो काय सांगतोय हे घालणाऱ्यालाही ठाऊक असायचं. हा नवा दागिना समोर नसलेल्याला सांगतो, आणि काय सांगितलं ते आपल्याला कळतही नाही. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेरा असलेल्या चष्म्याला चेहरा ओळखणारी यंत्रणा जोडून दाखवली. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे नुसतं बघायचं आणि त्याचं नाव शोधून काढायचं. महाडला जी खूण उतरवायला सांगितली होती ती निदान उतरवता येत होती. चेहरा कुठे उतरवून ठेवणार? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो इतका जड होईल असं वाटलं नव्हतं.

म्हणून फॅशनवर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. एखादी वस्तू अंगावर कशी दिसते हे जरूर लिहा, त्यातही मजा आहे. पण सोबत हेही विचारा की ती कुणाबद्दल सांगते, कुणाला सांगते, आणि नको म्हणून ती उतरवून ठेवली तर काय होतं. कुंकवाला, कथलाच्या दागिन्यांना, स्टोलला आणि घड्याळाला हेच प्रश्न लागू पडतात. उतरवली तर काहीच होत नाही, कुणी काही विचारत नाही, अशी वस्तू सापडली तर ती बिनधास्त घाला. अगदी लोकरीचा गोंडासुद्धा.