पडद्यावरचा चौकोन

बालवर्गातले तंत्रज्ञान म्हणजे पडदाच, असे आपण गृहीत धरतो. पुण्यात तरी असे व्हायला नको. टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी जे आकार उभे केले, तेही तंत्रज्ञानच. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी व सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स केल्या.

या फिल्म्स आम्हांला आवडतात. भाषा सोपी, साहित्य स्वस्त, कृती स्पष्ट. पण फिल्ममध्ये सहसा काही बिघडत नाही, आणि लहान मुलांपुढे ती नुसती लावून ठेवली तर हीच तिची उणीव ठरते. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. हे डोळ्यांना दिसते. त्रिकोण किती अडतो ते मात्र बोटांनाच कळते. हातातला सांधा निसटतो, मूल तो पुन्हा जोडते. शिकणे तिथे घडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. त्याहून कमी तर उत्तमच. पण नुसती मिनिटे मोजून भागणार नाही. फिल्म शिक्षकांनी आदल्या दिवशी पाहावी, वर्गात साहित्य न्यावे. बारीक तुकडे लहानगे तोंडात घालतात. त्यांना पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या दोऱ्याने बांधून द्याव्यात. मग ‘हा का हलत नाही?’ या त्यांच्या प्रश्नाची वाट पाहावी.