‘मांस’ शब्दाचे निर्वचन आणि व्युत्पत्ती

‘मांस’ या शब्दाची ‘मां’ आणि ‘सः’ अशी फोड मनुस्मृतीत (५.५५) आढळते. ज्याचे मांस इहलोकी खावे तो परलोकी आपणास खाईल, असा तिचा आशय. ही फोड पुष्कळदा शब्दाची व्युत्पत्ती म्हणून पुढे केली जाते. ते युक्त नव्हे. यास्काने निरुक्तात याच शब्दाचे ‘मानन’, ‘मानस’ आणि ‘ज्यात मन बसते ते’ असे पर्याय दिले आहेत. त्यांत निषेधाचा मागमूसही नाही. म्हणजे परंपरेतही मनूची फोड एकमेव नव्हती.

ऐतिहासिक पुरावा तर निराळाच आहे. ऋग्वेदातील (१.१६२.१३) ‘मांस्पचनी’ या समासात ‘मांस्’ हे व्यंजनान्त रूप दिसते, त्यात ‘सः’ला जागा नाही. शिवाय गॉथिक ‘मिम्झ’ आणि प्राचीन स्लाव्ह ‘मेंसो’ हे त्याच अर्थाचे सगोत्र शब्द होत. संस्कृत सर्वनामांच्या जोडीतून शब्द घडला असता, तर तो त्या भाषांत आढळता ना.

यामुळे मनूचा श्लोक निरर्थक ठरत नाही. तो ‘मांसत्व’ सांगतो, शब्दाचा जन्म नव्हे. नीतिवचनाकडून इतिहासाची साक्ष मागितली, की दोहोंचीही हानी होते.