वाट की ठिकाण? : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात मराठी भ्रमणलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत डोंगरभटकंतीविषयीचे लेखन विपुल आहे. किल्ल्यांची वर्णने, घाटवाटांची माहिती, गिर्यारोहकांसाठीच्या मार्गदर्शिका आणि आत्मनिवेदनपर ललितलेखन असे त्याचे अनेक प्रकार दिसतात. या लेखनाची समीक्षा मात्र फारशी झालेली नाही. माहितीपर म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी ते बाजूला ठेवले आणि ललित म्हणून इतिहास-भूगोलाच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली नाही. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्हा हे क्षेत्र समोर ठेवून या लेखनाची दृष्टी तपासली आहे. हे लेखन 'ठिकाणा'चे आहे, 'वाटे'चे नाही, आणि त्यामुळे कोकणातील भूमीचा मोठा भाग वाचकाच्या दृष्टीआड राहिला, हे लेखाचे प्रतिपादन आहे.

यादीचा वारसा

रत्नागिरीच्या स्थलवर्णनाचा पहिला विस्तृत आधुनिक दस्तऐवज म्हणजे १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड. त्यातील किल्ल्यांच्या नोंदींत १८६२ च्या सरकारी पाहणीचा आधार वारंवार येतो. तटबंदी शाबूत आहे काय, पाणी आहे काय, शिबंदी किंवा तोफा आहेत काय, हे त्या पाहणीचे प्रश्न. ते प्रशासनाचे प्रश्न होते आणि त्या गरजेपुरते योग्यच होते.

पुढे मराठीत किल्ल्यांची पुस्तके झाली तेव्हा हेतू बदलला. इतिहासाविषयीचा अभिमान जागवणे हे त्यांचे प्रयोजन होते. तरीही नोंदीचा साचा बव्हंशी तोच राहिला. उंची, पाणी, मुक्कामाची सोय, जाण्याचा मार्ग, पाहण्याजोगे अवशेष हे आजच्या मार्गदर्शिकेतील रकाने त्या जुन्या यादीचेच वंशज आहेत. विशेष असे की, गॅझेटियरने व्यापाराच्या प्रकरणात घाटवाटांनाही स्थान दिले होते. बंदरातून घाटमाथ्यावर जाणारा माल कोणत्या वाटेने जातो, हे कळणे राज्यकर्त्यांना आवश्यक होते. अभिमानाच्या लेखनाने किल्ल्यांची यादी उचलली आणि वाटांची यादी मागे ठेवली.

गोनीदांचे योगदान आणि मर्यादा

या साच्यातून भ्रमणलेखनाला बाहेर काढण्याचे श्रेय गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांना द्यावे लागते. 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' या पुस्तकांतून त्यांनी किल्ल्याला व्यक्तित्व दिले. गडावर राहणारी माणसे, त्यांची बोली आणि रानातील झाडेपाखरे त्यांच्या लेखनात आली. 'माचीवरला बुधा' मधील राजमाची किंवा 'पवनाकाठचा धोंडी' मधील तुंग हे किल्ले पार्श्वभूमीपुरते उरत नाहीत. ते पात्रांच्या आयुष्याचा भाग होतात.

तथापि दांडेकरांच्या एकूण लेखनात एक विभागणी जाणवते. 'शितू', 'पडघवली' यांसारख्या कादंबऱ्यांत कोकणातील गाव आपल्या आगर-पाखाडीसह उभे राहते, तर त्यांच्या भ्रमणलेखनाचा मुख्य भर सह्याद्रीतील दुर्गांवर आहे. कोकण ही राहण्याची, दुःख भोगण्याची जागा, आणि डोंगर ही चालण्याची, धन्य होण्याची जागा. त्यांच्या भ्रमणलेखनाचा भाव तीर्थयात्रेचा आहे. तीर्थयात्रेत दर्शनाला महत्त्व असते आणि वाटेतील कष्ट पुण्याच्या हिशेबात जमा होतात. दांडेकरांनंतर त्यांचे अनुकरण करणाऱ्या अनेकांच्या लेखनात त्यांची माणसांविषयीची आस्था उतरली नाही, केवळ भारावलेपण तेवढे उतरले, ही या परंपरेची हानी होय.

मार्गदर्शिकांचे स्वरूप

प्र. के. घाणेकर यांचे 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची' आणि आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' या पुस्तकांनी भटक्यांच्या काही पिढ्या घडवल्या. भारावलेपणापेक्षा अचूकतेला महत्त्व देणे हा या परंपरेचा मोठा गुण. पाळंदे यांनी डोंगररांगांच्या क्रमाने केलेली मांडणी सुट्या किल्ल्याऐवजी सलग भूरूप पाहायला शिकवते, ही विशेष नोंद घेण्याजोगी बाब आहे.

सलग भूरूपाचे महत्त्व खेड तालुक्यातील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुख्य सह्याद्रीला जवळजवळ समांतर अशा एकाच रांगेवर हे तीन दुर्ग आहेत. रसाळगडावर झोलाईचे, महिपतगडावर पारेश्वराचे मंदिर आहे. मधला सुमारगड रानात दडलेला. सुटे पाहिले तर तिघांचे अवशेष तसे थोडकेच. या यात्रेचा खरा आशय एका गडावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या रानवाटेत आहे. परंतु 'पाहण्याजोगे अवशेष' या रकान्यात ती वाट बसत नाही.

संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपूर–प्रचितगड मार्गाचेही तसेच. शृंगारपूर हे सुर्व्यांचे ठाणे शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये घेतले. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई या शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातील. जवळच कसबा संगमेश्वर येथे कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि १६८९ मध्ये संभाजी महाराज याच परिसरात मोगलांच्या हाती सापडले. मंदिर, गाव, रान आणि गड यांना जोडणारी ही एक सलग कथा आहे. मार्गदर्शिकांत मात्र ती चार वेगवेगळ्या नोंदींत विखुरते.

न लिहिलेला सडा

या दृष्टीची सर्वांत मोठी किंमत जांभ्या दगडाच्या सड्यांना मोजावी लागली. पावसाळ्यानंतर करडे, ओसाड दिसणारे हे कातळ किल्ले शोधणाऱ्याच्या लेखी दोन ठिकाणांमधील नुसते अंतर होते. गुराखी आणि गावकरी या सड्यांवरून रोज चालत होते, कातळावरील काही चित्रांविषयी त्यांच्याकडे कथाही होत्या. पण भ्रमणलेखनात त्यांना जागा नव्हती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायी फिरून, स्थानिकांना विचारून कातळशिल्पांचा पद्धतशीर शोध घेतला, तेव्हा कशेळी येथील सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्तीसारख्या आकृती अभ्यासकांच्या चर्चेत आल्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील नऊ कातळशिल्पस्थळे समाविष्ट झाली. त्यांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी ही सात रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत.

यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झाले आणि ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. त्या वादाच्या गुणदोषांचा विचार येथे अभिप्रेत नाही. साहित्याच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. ज्या भूमीचे वर्णन कोणी केलेले नसते, ती 'मोकळी जागा' ठरवणे सोपे जाते. किल्ला पाडण्याचा प्रस्ताव आला तर समाज अस्वस्थ होतो, कारण शंभर वर्षांच्या लेखनाने त्याचा अर्थ मनात रुजवलेला असतो. सड्याला असे लेखन लाभले नाही.

२०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग आहे. हर्णैच्या समुद्रातील हा दुर्ग होडीनेच गाठावा लागतो. जिल्ह्यातील पायवाटांना त्या गौरवाचा स्पर्श अर्थातच झालेला नाही.

एक तुलना

आयर्लंडमधील विक्लो डोंगरातील पदभ्रमणमार्ग येथे तुलनेस उपयुक्त ठरतो. जे. बी. मलोन यांनी १९६६ मध्ये वृत्तपत्रातून मांडलेली ही कल्पना १९८० मध्ये प्रत्यक्षात येऊ लागली. सुमारे १३० किलोमीटरचा हा मार्ग डोंगर, वनराई आणि ग्लेंडालोख येथील प्राचीन मठाचे अवशेष यांना एकाच सूत्रात ओवतो. तेथे नाव वाटेला आहे. मठ हा वाटेवरचा एक थांबा. खासगी जमिनीवरून जाण्याचा सरसकट कायदेशीर हक्क त्या देशात नाही. त्यामुळे अशा मार्गांचे बरेच भाग जमीनमालकांच्या संमतीवर चालतात.

संमतीने चालणारी वाट कोकणाला अपरिचित नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ठरलेल्या मार्गाने, मानपानाच्या क्रमाने घरोघरी जाते. मकरसंक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी विवाह लागतो, तेव्हा त्या निमित्ताने गावांना जोडणारी वाट पुन्हा जागी होते. गडग्यामधून जाणारी पाखाडी, वहाळावरचा साकव, देवराईची अबोल सीमा यांचे नियम गावाला ठाऊक असतात. भ्रमणलेखनाने हे नियम टिपले नाहीत, इतकेच.

एक आक्षेप

वाटांविषयी लिहिल्याने गर्दी वाढेल, शिल्पांवरून पावले फिरतील, देवराईची शांतता भंगेल, असा आक्षेप घेता येईल. तो गंभीर आहे. परंतु गर्दीला ठिकाण हवे असते. केवळ 'काय पाहावे' सांगणारे लेखन ती ओढून आणते. वाट कोणाच्या शेतातून जाते, कोणत्या ऋतूत ती टाळावी, कोठे पादत्राणे काढावीत, कोणाला विचारावे, हे सांगणारे लेखन चालणाऱ्याची गती कमी करते. आक्षेपाचे उत्तर मौनात नसून लेखनाच्या प्रकारात आहे.

निष्कर्ष

चालण्यालाच विषय करणाऱ्या लेखनाचा आदर्श मराठीत आहे. इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात पंढरपूरपेक्षा वारीतील सोबती, त्यांच्यातील जिव्हाळा आणि जेवणाच्या वेळी जाणवणारी जातीची रेघ यांना महत्त्व आहे. श्रद्धा आणि चिकित्सा एकाच पावलाने चालू शकतात, हे त्या लेखाने दाखवले. रत्नागिरीच्या घाटवाटा, पाखाड्या आणि सडे अशा लेखनाची वाट पाहत आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील एकेक वाट तिच्या स्थानिक नावांसह नोंदवली, तर दुर्गयादीत न मावलेला प्रदेश शब्दांत येईल. तसे न झाल्यास ज्यांच्या पायांना या वाटा ठाऊक आहेत, त्या पिढीबरोबर त्यांची नावेही जातील, आणि मागे राहील ती नकाशावरची मोकळी जागा.