पुण्याचं मॉडेल लातूरला चालेल का?

पेटची किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "डासांच्या आजारांवर स्टॅटिस्टिक्समधून काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" खरं तर बहुतेकांच्या डोक्यात आराखडा तयारच असतो. हवामान खात्याकडून पाऊस आणि तापमान घ्यायचं, आरोग्य विभागाकडून डेंगीचे रुग्ण घ्यायचे, रिग्रेशन चालवायचं आणि शीर्षकात नांदेड किंवा लातूर लिहायचं. माझ्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदाही अगदी असाच होता. यात काय चुकतं हे बघायला आज एक चांगला शोधनिबंध घेऊ. वाईट निबंधावर टीका करून फारसं शिकायला मिळत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा हा निबंध जानेवारी २०२५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. विषय आहे पुण्यातले डेंगीचे मृत्यू आणि हवामान यांचं नातं. निष्कर्ष थोडक्यात असे: पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम पण सारखा विखुरलेला असेल, तर धोका वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर उलट होतं, कारण अंडी आणि अळ्या वाहून जातात. या नात्यावरून दोन महिन्यांहून आधी इशारा देता येईल, असं लेखक म्हणतात.

यातली शिकण्यासारखी गोष्ट आधी सांगतो. लेखकांनी पावसाची नुसती बेरीज घेतली नाही, तो कसा पडला हेही पाहिलं. आणि पाऊस व रोग यांचं नातं सरळ रेषेचं मानलं नाही. तुम्ही साधं लिनियर रिग्रेशन चालवलं असतं तर काय झालं असतं? थोड्या पावसाने चढणारा भाग आणि जोरदार पावसाने उतरणारा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. सहगुणक शून्याजवळ येतो आणि आपण बिनधास्त लिहून मोकळे होतो, "पावसाचा परिणाम आढळला नाही." परिणाम असतो, आपली रेष चुकीची असते.

आता टीका. मॉडेलमधला प्रत्येक कॉलम कशाच्या तरी बदल्यात उभा असतो. डासाला पावसाशी काही देणंघेणं नाही, त्याला साचलेलं पाणी हवं. म्हणजे पावसाचा कॉलम हा साचलेल्या पाण्याचा प्रतिनिधी आहे. पुण्यात तो हे काम बऱ्यापैकी करत असेल. लातूरला करतो का?

वार्षिक पावसाचे आकडे बघाल तर फसाल. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लातूरची सरासरी आठशेच्या आसपास आहे. कागदावर दोन्ही भाऊभाऊच. पण पुण्याचा नळ खडकवासला साखळीवर चालतो आणि त्या धरणांचं पाणी सह्याद्रीच्या घाटातून येतं. लातूरचा नळ धनेगावच्या मांजरा धरणावर. ते आटलं तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत ज्याच्या घरी टिपाड, बॅरल, हौद, घागर जे असेल ते भरून ठेवलेलं होतं.

डेंगीचा एडिस डास नेमका अशाच घरातल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो ते याच हिशोबाने. पण नळ दहा दिवसांनी येणार असेल तर टिपाड कोण ओतून देणार? वाड्यावर सर्व्हेला गेलो होतो तेव्हा एका मावशींनी मला सरळ विचारलं, "ओतून देतो की, पण मग प्यायचं काय?" माझ्या मॉडेलमध्ये या प्रश्नाला कॉलमच नव्हता.

म्हणजे आपल्याकडे नातं उलटंही असू शकतं: पाऊस कमी, म्हणून साठवण जास्त, म्हणून डास जास्त. 'असू शकतं' हे मुद्दाम म्हणतोय, कारण मे महिन्याच्या चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात डासाचं आयुष्यही घटतं. कोणती बाजू जड, हे डेटाने ठरवायचं. जगात हे कुणी पाहिलंच नाही असंही नाही. रेचल लोव आणि सहकाऱ्यांच्या बार्बाडोसवरच्या २०१८ च्या अभ्यासात दुष्काळानंतर काही महिन्यांनी डेंगीचा धोका वाढलेला दिसला. त्यांच्याच २०२१ च्या ब्राझीलवरच्या अभ्यासात, जिथे पाणीपुरवठा वारंवार तुटतो तिथे दुष्काळाचा हा परिणाम जास्त ठळक निघाला. त्यांनी पाणीटंचाईला मॉडेलमध्ये जागा दिली, म्हणून तो दिसला.

दुसरा मुद्दा पानाच्या डाव्या बाजूचा, म्हणजे आपण काय मोजतोय याचा. मृत्यू हा साखळीचा शेवटचा दुवा आहे. संसर्ग, ताप, तपासणी, दवाखाना, नोंद, इतकं सगळं मध्ये असतं. उदगीरचा रुग्ण बिदरला किंवा हैदराबादला जाऊ शकतो, किनवटचा आदिलाबादला. मग नोंद कुठल्या जिल्ह्यात लागणार? रुग्णसंख्या घेतली तरी अडचण संपत नाही. सरकारी यादीत एलायझा चाचणीने पक्के झालेले रुग्ण धरतात, खासगी लॅबमधली कार्ड टेस्ट धरत नाहीत. उद्या एखाद्या ठिकाणी एलायझाची सोय झाली तर आलेखात साथ दिसेल आणि आपण तिचं श्रेय पावसाला देऊन बसू.

तिसरा मुद्दा काळाचा. १९७३ मध्ये लातूरपासून जवळच्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार देशात जवळपास दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये देशात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. मधल्या तीस वर्षांत पाऊस पडत होता, डास होते, तापमानही होतं. नव्हता तो विषाणू. दरम्यान, ज्यांनी तो आजार कधी पाहिलाच नाही अशी नवी पिढी वाढली होती. फक्त हवामानावर चालणारं मॉडेल १९९० मध्येही साथ सांगत बसलं असतं. डेंगीचे तर चार प्रकार आहेत, आणि कोणत्या गावाने कोणता प्रकार आधी भोगलाय यावर पुढची साथ ठरते.

म्हणून त्या निबंधातला जो आकडा वर्तमानपत्रांत गाजला, की शतकाच्या शेवटी पुण्यातले डेंगीमृत्यू ११२ टक्क्यांपर्यंत वाढू शकतात, तो वाचताना 'जर' विसरू नका. जर उत्सर्जन चढंच राहिलं, आणि जर पाणीपुरवठा, दवाखाने, प्रतिकारशक्ती सगळं आहे तसंच राहिलं, तर. प्रदेशानुसार नातं बदलतं, हे लेखकही मान्य करतात. तो आकडा उचलून लातूरला चिकटवला तर दोष त्यांचा नाही, आपला.

मग तुम्ही काय करायचं? सिनॉप्सिस लिहिण्याआधी प्रत्येक कॉलमसमोर एक ओळ लिहा: हा माझ्या जिल्ह्यात कशाच्या बदल्यात उभा आहे? टँकरचे साप्ताहिक अहवाल, नळाच्या पाळीतलं अंतर, अळ्या सापडलेल्या घरांचं प्रमाण, हे मिळवायला चकरा माराव्या लागतील. मारा. रुग्णांची संख्या विषम असते, तेव्हा पॉयसनवर न थांबता निगेटिव्ह बायनॉमियलही तपासा. आणि मॉडेल पारखताना आठवडे सरमिसळ करून वाटू नका. जुन्या वर्षांवर शिकवा आणि पुढच्या वर्षावर तपासा, कारण खऱ्या इशाऱ्याला पुढचं वर्ष आधी बघायला मिळत नाही.

फक्त पावसाकडे बघणारं मॉडेल ऐन टंचाईत 'धोका कमी' असं सांगू शकतं. ते चुकलं तर आपला पेपर फार तर परत येईल. पण अळ्या शोधायला निघणाऱ्या आशाताईंचं पथक तोवर घरीच बसलेलं असेल, आणि टिपाड भरलेलंच असेल.