संदर्भ-व्यवस्थापन आणि लेखन-प्रणाली : झोटेरोच्या जोडणीची चिकित्सा

संशोधनपर लेखनात संदर्भांच्या अचूकतेस अनन्यसाधारण महत्त्व आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्रातून २००६ साली प्रसिद्ध झालेले ‘झोटेरो’ हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. तथापि ‘चालते’ या शब्दात बरेच काही झाकले जाते. विंडोज व मॅकवर ते वर्डला सहज जोडले जाते. लिनक्सवर वर्ड नसल्याने लिबरऑफिसचा आधार घ्यावा लागतो, आणि ती जोडणी जावावर अवलंबून असते. उबुंटूत त्यासाठीचे पॅकेज पुष्कळदा स्वतंत्रपणे बसवावे लागते, हे नवख्यास कोण सांगणार?

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. वर्डमध्ये संदर्भ ‘फील्ड’ म्हणून, तर लिबरऑफिसमध्ये ‘रेफरन्स मार्क’ म्हणून साठविला जातो. विभागातील लिनक्स संगणकावर लिहिलेले प्रकरण विद्यार्थ्याने घरी वर्डमध्ये उघडून जतन केले, की संदर्भ दिसतात. परंतु झोटेरोशी असलेले त्यांचे नाते तुटते. यावर ‘बुकमार्क’ हा पर्याय दिलेला आहे. मात्र त्यात तळटिपांत संदर्भ देता येत नाहीत. इतिहासकारांच्या केंद्रात घडलेल्या साधनाने तळटीपच वगळावी, हा विरोधाभास प्रस्तुत लेखकास गंभीर वाटतो. पुढील आवृत्त्यांत आलेली, संदर्भांचे तात्पुरत्या दुव्यांत रूपांतर करून ते दुसऱ्या प्रणालीत पुन्हा जिवंत करण्याची सोय अधिक विश्वासार्ह आहे. पण हे रूपांतर मूळ संगणकावरच, दस्तऐवज पाठविण्यापूर्वी करावे लागते. आणि आपल्याकडे प्रबंध बहुधा सादरीकरणाच्या आदल्या रात्रीच दुसऱ्या संगणकावर जातो.