गीतरामायणांतील निवेदकाचें स्थान

काव्याला वाद्यांची साथ आणि जोडीला निवेदक, ही योजना पाश्चात्यांची म्हणून ओळखली जाते. रिचर्ड स्ट्राउसनें टेनिसनच्या 'ईनॉक आर्डन' काव्यास १८९७ मध्यें पियानोची साथ दिली; शोनबर्गनें १९४२ मध्यें बायरनचें नेपोलियनवरील काव्य निवेदक, पियानो व तंतुवाद्यें यांच्यासाठीं बांधलें. तेथें निवेदक बोलतो तें काव्यच. आपल्या कीर्तनकारानें मात्र गद्य आणि पद्य एकाच मुखीं नांदविलें, आणि गीतरामायणाचा निवेदक या दुसऱ्या घराण्याचा आहे.

पुणें आकाशवाणीवरून १९५५-५६ सालीं प्रसारित झालेल्या या छप्पन गीतांत ग. दि. माडगूळकरांनीं कथा सांगण्यापेक्षां पात्रांस बोलतें केलें. कौसल्या, दशरथ, भरत, शूर्पणखा, सीता, ज्याचें त्यानें आपल्या क्षणाचें बोलावें. वाल्मीकीचे सुमारें चोवीस हजार श्लोक एवढ्याशा जागेंत आणावयाचे तर दुसरा मार्ग कोणता? परंतु त्यामुळें दोन गीतांमध्यें कथा दिसेनाशी होते. रंगमंचावर निवेदक हवा तो तेवढ्यापुरता.

हल्लींच्या प्रयोगांतील निवेदक मात्र भावार्थच आधीं वाटून टाकतो. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, तें गीत घ्या. भरत माता व सैन्य यांसह आला आहे, रामानें परतावें असा त्याचा आग्रह आहे. एवढें सांगून निवेदकानें थांबावें. त्यानें नियतीवर प्रवचन झोडलें, कीं कवीच्या वाट्यास पुनरुक्ति येते.

वाद्यवृंदाचेंही तेंच. सुधीर फडक्यांची चाल शब्दाच्या अंगानें चालते; पहिल्या गीतांतील भूप शब्दांस कोठेंही झांकीत नाहीं. आतां ओळ संपण्यापूर्वींच वाद्यें धांवून येतात. हेदवीच्या बामणघळींत भरतीचें पाणी शिरलें म्हणजे गर्जना भव्य खरी, पण शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. पेटी आणि तबला एवढ्याच सामग्रीवर गाणाऱ्या गांवच्या गायकाकडून हीं गीतें अधिक कळतात, असें माझें मत आहे. शहरी रसिकांनीं रागावूं नये.

शिवाय या काव्याला त्याचे निवेदक मुळांतच आहेत. पहिल्या गीतांत कुशलव रामासमोर गातात; अखेरच्या गीतांत वाल्मीकि त्यांस रामायण गावयास सांगतात, आणि ऐकणारा पुन्हां आरंभापाशीं येतो. तेथें बाहेरच्या निवेदकास बोलावयास कांहीं उरत नाहीं. तरी समारोपाचें भाषण बहुधा होतेंच.