१९८६ चा कप नक्की कुणाचा?

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या एका वाक्यावर माझ्या गाइडनी लाल पेनाने गोल केला. वाक्य साधंच होतं: 'स्तेआवाने १९८६ मध्ये युरोपियन कप जिंकला.' शेजारी त्यांनी लिहिलं होतं, 'कोणत्या स्तेआवाने? कर्ता स्पष्ट करा.' मला वाटलं, सर उगाच खुसपट काढतायत. त्यानंतर दोन महिने मी त्या एका कर्त्याच्या मागे आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. रोमानियाच्या सैन्याने १९४७ मध्ये बुखारेस्टला एक क्रीडासंस्था काढली. नावं बदलत गेली आणि १९६१ पासून ती 'स्तेआवा', म्हणजे तारा, झाली. ७ मे १९८६ ला सेव्हियामध्ये या संघाने बार्सिलोनाला पेनल्टींवर हरवलं. एकशेवीस मिनिटांत गोल नाही, आणि नंतर गोलकीपर हेल्मुथ दुकादामने ओळीने चार पेनल्टी अडवल्या. पूर्व युरोपातल्या क्लबने हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १९९८ मध्ये फुटबॉल विभाग सैन्याच्या संस्थेपासून वेगळा झाला, २००३ च्या सुमारास तो जिजी बेकाली या धनाढ्य, वाचाळ माणसाच्या ताब्यात गेला. पुढे सैन्याने नावासाठी कोर्ट गाठलं. डिसेंबर २०१४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सैन्य जिंकलं आणि विजेत्या संघाला आपल्याच मॅचला स्कोअरबोर्डवरून नाव आणि चिन्ह काढावं लागलं. २०१७ मध्ये तो संघ अधिकृतपणे नुसता 'एफसीएसबी' झाला. त्याच वर्षी सैन्याने स्वतःचा नवा 'स्तेआवा' थेट चौथ्या श्रेणीत उतरवला.

आता माझी तक्रार. या विषयावर बाहेरच्या भाषांत जे लिहिलं जातं, ते बहुतेक दोनच साच्यांत बसतं. पहिला साचा 'हुकूमशहाची टीम' हा. त्याला आधार आहेच. चाउशेस्कूचा मुलगा व्हॅलेंतिन या क्लबच्या पाठीशी होता, आणि १९८८ च्या रोमानियन कप फायनलमध्ये शेवटच्या क्षणी गोल नाकारला म्हणून स्तेआवाचा संघ मैदान सोडून निघून गेला, तरी कप मिळाला त्यांनाच! पण हा साचा सगळंच गिळतो. दुकादामचंच बघा. सेव्हियानंतर काही महिन्यांतच हातातल्या रक्ताच्या गुठळीमुळे त्याची कारकीर्द जवळपास संपली. अफवा अशी की बक्षीस मिळालेल्या गाडीवरून चाउशेस्कूच्या माणसांनी त्याचे हात मोडले. त्याने स्वतः ही गोष्ट नाकारली, तरी लेखात ती येतेच, शेवटी 'असं म्हणतात' लावून. 'असं म्हणतात'च्या आडून किती खपवायचं याला काही मर्यादा?

दुसरा साचा 'बेकालीने चोरलं, सैन्याने परत मिळवलं' हा. तो वाचायला गोड लागतो, कारण बेकालीचा राग येणं सोपं आहे. पण ज्याचं चोरीला गेलं म्हणतात त्या सैन्याकडे ते आलं कसं, हे कोणी विचारत नाही. १९८७ च्या सुपर कपपुरता म्हणून स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्क या क्लबकडून गेओर्गे हाजीला आणलं. त्याच्या गोलवर दिनामो कीव्हला हरवलं, आणि मग त्याला परत पाठवलंच नाही. वर्दीचं वजन होतं, कोण बोलणार? आज तीच संस्था मालकीहक्काची भाषा बोलते तेव्हा मला जरा हसू येतं.

यात थीसियसचं जहाजही हमखास येतं: फळ्या बदलल्या तर जहाज तेच का, वगैरे. ही उपमा इथे बसतच नाही, कारण जहाजावर दोन मालकांनी दावा सांगितलेला नव्हता आणि फळ्यांना स्वतःचं मत नव्हतं. इथे फळ्यांना मत आहे. सेव्हियात पेनल्टी अडवणारा दुकादाम नंतर बरीच वर्षं बेकालीच्या क्लबचा चेहरा होता. त्याच पेनल्टींमध्ये स्तेआवासाठी पहिला गोल मारणारा मारिउस लाकातुश २०१७ ला सैन्याच्या क्लबात गेला. एकाच रात्रीचे दोन नायक, दोन तंबूंत. कुणाला खोटं ठरवणार?

यूएफाच्या नोंदीत तो कप एफसीएसबीच्या खात्यावर आहे. त्यांचा निकष सरळ आहे: लीगमधली जागा, परवाना, करार कुठून कुठे गेले ते बघा. स्पर्धा चालवायला तो पुरेसा आहे, प्रबंधाला नाही. कोर्टाने पाहिलं ते नाव आणि चिन्ह, म्हणजे मालमत्ता. तेही माझ्या कामाचं नाही. एप्रिल २०१८ मध्ये चौथ्या श्रेणीतल्या स्तेआवा–रापिड मॅचला ३६ हजारांहून जास्त लोक आले. मला आधी वाटलं, झालं, पुरावा मिळाला, लोक जिकडे तिकडे क्लब. मग २००६ आठवलं. यूएफा कपच्या सेमीफायनलला मिडल्सब्रोमध्ये स्तेआवा एकूण तीन गोलांनी पुढे होता, आणि ८९ व्या मिनिटाच्या गोलने सगळं गेलं. त्या रात्री जो दहा वर्षांचा पोरगा रडला, त्याला सैन्याच्या हिशोबाने सांगावं लागेल की बाळा, ती टीम स्तेआवा नव्हतीच. हे मला लिहिता येत नाही.

म्हणून मी वाक्य बदललं आहे. आता ते असं: 'सैन्याच्या स्तेआवा संस्थेच्या फुटबॉल विभागाने १९८६ मध्ये युरोपियन कप जिंकला, त्या विभागाचा वारसा आज दोन क्लब सांगतात.' लांबलं, मान्य आहे. गाइडनी या वेळी 'सांगतात' या शब्दाखाली रेघ मारली आहे. सोमवारी भेटायचंय.